स्थगित म्हणजे रद्द नव्हे

नेदरलँड्समध्ये मूल सतरा वर्षांचं झालं की त्याच्या नावाने सरकारचं एक पत्र येतं. सैन्यसेवेसाठी तुमची नोंद झाली आहे, सध्या हजर होण्याची गरज नाही, असा त्याचा मजकूर. तिथले शेवटचे सक्तीचे शिपाई १९९६ साली घरी गेले आणि त्यानंतर आजवर कुणाला बोलावलेलं नाही. पत्र मात्र थांबलं नाही. उलट २०२० पासून ते मुलींनाही जाऊ लागलं. कारण साधं आहे. कायदा कधी रद्द झालाच नाही, त्यातली 'हजर व्हा' एवढीच ओळ स्थगित झाली.

सक्तीच्या लष्करी सेवेबद्दल बोलायचं तर आधी या 'स्थगित' शब्दाकडे नीट बघावं लागतं. जर्मनीने १ जुलै २०११ पासून सक्ती थांबवली, तीही स्थगितीच होती. पुरुषांना अठराव्या वर्षापासून सैन्यात बोलावता येईल, असं सांगणारं राज्यघटनेतलं कलम १२ अ जागच्या जागी राहिलं. स्वीडनने २०१० मध्ये सक्ती थांबवली आणि २०१७ मध्ये परत आणली. लिथुआनियात ती २००८ मध्ये गेली, २०१५ मध्ये आली. लात्व्हियात २००६ मध्ये संपली, २०२३ मध्ये पुन्हा कायदा झाला. क्रोएशियात २००८ पासून बंद होती, २०२६ पासून दोन महिन्यांचं सक्तीचं प्रशिक्षण सुरू झालं. खोलीला कुलूप होतं, पण किल्ली दाराशेजारच्या खुंटीलाच लटकत होती.

ही किल्ली का काढली गेली ते उघड आहे. रशियाने आधी क्रिमिया घेतला आणि २०२२ मध्ये युक्रेनवर सरळ चढाई केली. शेजारच्या देशांना वाटणारी भीती खोटी नाही, तिची टिंगल करण्यात अर्थ नाही. प्रश्न असा आहे की या भीतीवर अठरा वर्षांच्या मुलाला पाकीट पाठवणं हा उपाय आहे का. माझं मत नाही असं आहे, आणि ते केवळ भावनेपोटी नाही. सक्तीचं यंत्र उघडून त्याचा एकेक भाग पाहिला, तर जवळजवळ प्रत्येक भागाला तोच जुना दोष दिसतो: ओझं वाटलं जात नाही, जो सहज हाती लागेल त्याच्या पाठीवर ते पडतं.

जर्मनीचा नवा कायदा बघू, कारण तो ताजा आहे आणि त्याच्या पायऱ्या स्पष्ट आहेत. ५ डिसेंबर २०२५ रोजी तिथल्या संसदेने तो ३२३ विरुद्ध २७२ मतांनी मंजूर केला, १ जानेवारी २०२६ पासून तो लागू झाला. पहिली पायरी प्रश्नावली. २००८ साली किंवा नंतर जन्मलेल्यांना ती जाते. मुलांनी ती भरणं बंधनकारक, मुलींना ऐच्छिक, कारण घटनेतलं कलम फक्त पुरुषांबद्दल बोलतं. उंची, वजन, शिक्षण, तब्येत, सैन्यात यायची इच्छा किती, असे प्रश्न. दुसरी पायरी वैद्यकीय तपासणी, २०२७ च्या मध्यापासून सगळ्या मुलांना सक्तीची. त्यातून जे स्वखुशीने येतील त्यांना दरमहा सुमारे २,६०० युरो पगार. सैन्य आज साधारण १,८४,००० चं आहे, ते २०३५ पर्यंत २,६०,००० करायचंय. स्वेच्छेने माणसं आली नाहीत, तर संसद आणखी एक कायदा करून गरजेपुरती सक्ती आणू शकेल, आणि इच्छुक कमी पण पात्र जास्त अशी वेळ आली तर चिठ्ठ्या टाकण्याची वाटही मोकळी ठेवली आहे.

म्हणजे आज सक्ती नाही, असं सरकार म्हणतं ते खरं आहे. पण यादी आहे, तपासणी आहे, आणि शेवटची पायरी कुठे आहे तेही माहीत आहे. ज्या दिवशी मतदान झालं त्याच दिवशी अनेक शहरांत शाळकरी मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली. त्यांच्या एका मुद्द्याला उत्तर देणं अवघड आहे. हा कायदा करणारी संसद फेब्रुवारी २०२५ मध्ये निवडून आली. तेव्हा २००८ साली जन्मलेला एकही मुलगा अठरा वर्षांचा नव्हता. ज्या पहिल्या तुकडीवर हा कायदा बसतो, तिच्यातल्या एकानेही त्या संसदेसाठी मत दिलेलं नाही. लोकशाहीत असं कधी ना कधी होतंच, हे मान्य. पण घरपट्टी वाढवणं वेगळं आणि एखाद्याचं अख्खं वर्ष मागणं वेगळं.

सक्तीच्या बाजूने सगळ्यात जास्त ऐकू येणारा शब्द म्हणजे 'सगळे'. सगळ्यांनी करायचं, श्रीमंताच्या पोरानेही आणि गरिबाच्या पोरानेही. ऐकायला छान वाटतं. आता आकडे मांडा. जर्मनीत एका वर्षाचे अठरा वर्षांचे मुलगे साधारण तीन लाख. नव्या भरतीचं लक्ष्य २०२६ साठी वीस हजार, २०३० पर्यंत अडतीस हजार. समजा उद्या सक्ती आली आणि हा आकडा दुप्पट केला, तरी चारातले तीन घरीच राहणार. आजच्या सैन्याला 'सगळे' नकोच आहेत. त्यांना ठेवायला बरॅक नाहीत, शिकवायला माणसं नाहीत. मग निवड करावी लागते, आणि निवड आली की चाळणी आली.

ही चाळणी कशी चालते हे जर्मनीने आधीच दाखवून ठेवलंय. शीतयुद्ध संपल्यावर सैन्य लहान होत गेलं, तरी दर वर्षी अठरा वर्षांचे मुलगे येतच राहिले. सेवेचा काळ कापत नेला: १९६० च्या दशकात अठरा महिने होते, १९९० मध्ये बारा, मग दहा, मग नऊ, आणि २०१० मध्ये सहा. तरी माणसं जास्तच. मग २००४ मध्ये भोकं बारीक केली. तपासणीत तिसऱ्या श्रेणीत आलेल्यांना बोलावणं बंद केलं, लग्न झालेल्यांना आणि बाप झालेल्यांना सूट दिली, वयाची मर्यादा तेवीसवर आणली. मुलांची तब्येत रातोरात बिघडली नव्हती. गरज कमी झाली म्हणून 'पात्र' या शब्दाचा अर्थ बदलला. त्याच वर्षी कोलोनच्या प्रशासकीय न्यायालयाने म्हटलं की इतके कमी जण बोलावले जात असतील तर एकालाच बोलावणं हा अन्याय आहे. पुढच्याच वर्षी वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला. सहा वर्षांनी सरकारने स्वतःच दुकान बंद केलं.

चाळणीत वशिला चालतो म्हणून चिठ्ठ्या टाका, असा पुढचा उपाय सुचवला जातो. नशिबाला काका-मामा नसतात. इथे जरा थांबायला हवं, कारण चिठ्ठ्या टाकणं वाटतं तितकं सोपं नाही.

१ डिसेंबर १९६९. वॉशिंग्टन. व्हिएतनाम युद्धासाठी माणसं हवी होती आणि १९४४ ते १९५० दरम्यान जन्मलेल्या तरुणांचा क्रम लावायचा होता. वर्षातल्या प्रत्येक तारखेची एक, अशा ३६६ निळ्या प्लास्टिकच्या डब्या केल्या. आधी जानेवारीच्या ३१ डब्या एका खोक्यात टाकल्या, मग फेब्रुवारीच्या २९ टाकून दोन्ही मिसळल्या, मग मार्चच्या, असं करत शेवटी डिसेंबरच्या. म्हणजे जानेवारीच्या डब्या अकरा वेळा ढवळल्या गेल्या आणि डिसेंबरच्या एकदाच. खोकं काही वेळा हलवलं, सगळ्या डब्या मोठ्या काचेच्या भांड्यात ओतल्या आणि कॅमेऱ्यांसमोर हात घालून एकेक काढली. पहिली तारीख निघाली १४ सप्टेंबर. त्या दिवशी जन्मलेले सगळे पहिल्या क्रमांकावर.

नंतर आकडेवारीवाल्यांनी यादी महिन्यांप्रमाणे लावून पाहिली. जानेवारीत जन्मलेल्यांचा सरासरी क्रमांक सुमारे २०१, डिसेंबरवाल्यांचा सुमारे १२१. क्रमांक जितका लहान तितकं बोलावणं लवकर, आणि त्या यादीतून शेवटी १९५ पर्यंतच्या क्रमांकांना बोलावलं गेलं. म्हणजे वर्षाच्या शेवटी जन्मणं हा एक धोका होऊन बसला. कुणी लबाडी केली नव्हती. नीट ढवळलं नव्हतं, इतकंच. पुढच्या वर्षी दोन पिंपं ठेवली, एकात तारखा आणि दुसऱ्यात क्रमांक, आणि त्यांचा क्रमसुद्धा आधी यादृच्छिक तक्त्यांवरून लावून घेतला. तेव्हा कुठे ती सोडत खरी सोडत झाली. तोवर पहिल्या सोडतीतले डिसेंबरवाले जाऊन चुकले होते.

आणि सोडत अगदी चोख झाली तरी तिच्या आधीची दारं उघडीच असतात. त्याच अमेरिकेत कॉलेजात नाव असेल तर बोलावणं पुढे ढकललं जाई. ज्याच्या घरी फी भरायची ऐपत, त्याचं वर्ष वाचे. डॉक्टरचं पत्र मिळवणं हेही घरच्या ओळखींवर ठरे. ही युक्ती जुनी आहे. १८६३ च्या यादवी युद्धात तर कायद्यातच लिहिलं होतं: ३०० डॉलर भरा किंवा बदली माणूस द्या आणि घरी राहा. कामगाराची वर्षभराची कमाई जवळपास तितकी असे. त्या जुलैत न्यूयॉर्कमध्ये दंगली उसळल्या. फ्रान्समध्येही एकोणिसाव्या शतकात 'वाईट नंबर' निघालेला सुखवस्तू मुलगा पैसे देऊन बदली पाठवू शकत असे, हे १८७२ पर्यंत चाललं. आज पावती फाडून सुटता येत नाही, पण परदेशी शिक्षण, खासगी तज्ज्ञाचा अहवाल आणि वकील ही त्याच पावतीची आजची रूपं आहेत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असंच.

आता बरॅकमध्ये जाऊ. इथे कुणी मुद्दाम वाईट वागत नाही असं धरूनही काय बिघडतं ते बघण्यासारखं आहे.

पहिली गोष्ट पायाची. १८५५ साली ब्रायथाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने लांब कूच केल्यानंतर शिपायांच्या पावलांना येणारी सूज आणि वेदना यांची नोंद केली. पुढे क्ष-किरण आल्यावर कळलं की पावलाच्या लांब हाडांना बारीक भेगा पडलेल्या असतात. त्याला आजही 'मार्च फ्रॅक्चर' म्हणतात. हाडाला वाढत्या भाराची सवय व्हायला काही आठवडे लागतात. ज्याने आधी कधी धाव घेतली नाही, त्याला पहिल्याच महिन्यात पंधरा-वीस किलोची पिशवी पाठीवर घालून चालवलं, तर स्नायू आधी मजबूत होतात आणि हाड मागे राहतं, मग तडा जातो. स्वेच्छेने येणारा बहुधा तयारी करून येतो. सक्तीने आलेला येतो तसा येतो. उपाय माहीत आहे: भार हळूहळू वाढवणं, मधे विश्रांतीचे दिवस ठेवणं. पण प्रशिक्षणच दोन-तीन महिन्यांचं असेल तर 'हळूहळू'ला जागा कुठून आणणार?

दुसरी गोष्ट श्वासाची. वेगवेगळ्या गावांतून आलेली शेकडो तरुण माणसं एका छताखाली, कमी झोपेवर, दमलेली. घशाचे-फुप्फुसाचे विषाणू अशीच गर्दी शोधत असतात. अमेरिकी सैन्यात रंगरूटांना ॲडिनोव्हायरसची लस १९७१ पासून देत. बनवणाऱ्याने उत्पादन थांबवलं, १९९९ मध्ये साठा संपला आणि प्रशिक्षण तळांवर तापाच्या साथी पुन्हा सुरू झाल्या. २०११ मध्ये लस परत आली तेव्हा त्या आटोक्यात आल्या. ही व्यवस्था अनुभवी सैन्याची होती. पंधरा वर्षं रिकामी असलेली बरॅक घाईने रंगवून मुलांनी भरली तर काय होईल, याचा अंदाज बांधायला तज्ज्ञ लागत नाही.

तिसरी गोष्ट शिकवणाऱ्यांची. धरून चालू की बारा रंगरूटांमागे एक शिक्षक लागतो. पाच हजारांची एक तुकडी आली तर चारशेहून अधिक शिक्षक, शिवाय त्यांच्यावरचे अधिकारी, शस्त्रागार सांभाळणारे, वैद्यकीय मदतनीस, स्वयंपाकी. हे सगळे येणार कुठून? चालू सैन्यातूनच. ज्या हवालदाराला क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा चालवायला तयार करण्यात वर्षं घातली, तो आता दर तिमाहीला नव्या मुलांना रायफल उघडून साफ कशी करायची ते दाखवणार. तोवर त्याची मूळ जागा रिकामी. आणि ही मुलं शिकून जातात कुठे? जर्मनीत शेवटी सहा महिन्यांची सेवा होती, त्यातला बराच काळ प्राथमिक प्रशिक्षणात जाई. सुट्ट्या वजा केल्या की उरलेल्या दिवसांत एखादं काम हाती येईपर्यंत घरी जायची वेळ होई. क्रोएशियाचे दोन महिने तर त्याहून कमी. नेम धरणं, प्रथमोपचार, ड्रोन उडवणं, सगळ्याची तोंडओळख होते; सराव नसेल तर काही महिन्यांत ते हातातून जातं. कागदावर राखीव दल वाढतं. खंदकात कागद उभा राहत नाही.

'पण पोरांना शिस्त लागते.' हे वाक्य बहुधा ज्यांना आता कुणी बोलावणार नाही अशा वयाची माणसं म्हणतात, हा योगायोग सोडून देऊ. शिस्त लागते का, हे मोजता येतं, आणि मोजलेलं आहे. अर्जेंटिनात ओळखपत्राच्या शेवटच्या तीन आकड्यांवरून दर वर्षी सोडत होई. लहान क्रमांक निघाला तर सुटका, मधला असेल तर भूदल किंवा हवाईदल, सगळ्यात मोठे नौदलात आणि तेही दोन वर्षं. म्हणजे एकाच वयाची, एकाच देशातली मुलं केवळ नशिबाने दोन गटांत विभागली गेली. एक गट सैन्यात, एक बाहेर. याहून स्वच्छ तुलना मिळणं कठीण. अर्थशास्त्रज्ञांनी पुढे या दोन गटांची पोलीस नोंद तपासली. सैन्यात गेलेल्यांमध्ये पुढच्या आयुष्यात गुन्ह्याची नोंद असण्याचं प्रमाण कमी निघालं नाही, जास्त निघालं. कामधंद्याच्या बाजारात पाय ठेवायच्या वयातच ती मुलं त्यातून बाहेर काढली गेली, हे एक संभाव्य कारण. १९९४ च्या मार्चमध्ये तिथल्या एका तळावर एक शिपाई मारहाणीत मेला, प्रकरण दाबायचा प्रयत्न झाला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सक्ती संपवावी लागली.

मारहाण हा अपघात मानू नये. तिचं स्वतःचं एक यंत्र असतं. सोव्हिएत सैन्यात १९६७ च्या कायद्याने भूदलातली सेवा तीन वर्षांवरून दोनवर आली आणि भरती वर्षातून दोनदा होऊ लागली, वसंतात आणि शरदात. त्यामुळे बरॅकमध्ये कायम चार थर असत: नुकते आलेले, सहा महिने झालेले, वर्ष झालेले आणि जायला टेकलेले. शेवटच्यांना 'आजोबा' म्हणत; म्हणून त्या प्रकाराचं रशियन नावच 'आजोबागिरी' अशा अर्थाचं आहे. तिथले सार्जंटही सक्तीनेच आलेले, वीस वर्षांचे. अधिकारी संध्याकाळी घरी गेले की रात्रीचं राज्य आजोबांचं. नव्याने त्यांचे बूट पुसायचे, पैसे द्यायचे, मार खायचा आणि दीड वर्षाने स्वतः आजोबा व्हायचं. ज्याला इथे यायचंच नव्हतं, निघून जाता येत नाही आणि तक्रार करावी तर त्याच खोलीत झोपायचंय, त्याच्याकडे दुसरं काय असतं? रशियाने २००८ मध्ये सेवा एका वर्षावर आणली, तेव्हा हे थर मोडणं हाही एक हेतू होता.

पैशाचं गणित लोक चुकवतात ते इथे. सक्तीचा शिपाई अंदाजपत्रकात स्वस्त दिसतो, कारण त्याला बाजारभावाने पगार द्यावा लागत नाही. पण त्याचं वर्ष फुकट आलेलं नसतं. ते त्याच्याकडून घेतलेलं असतं. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सक्तीऐवजी स्वेच्छेच्या फौजेचा विचार करायला नेमलेल्या गेट्स आयोगाने १९७० मध्ये याला कर म्हटलं: सगळ्यांच्या संरक्षणासाठी थोड्या तरुणांवर लावलेला, पावती नसलेला कर. हा हिशेब मांडणाऱ्यांत वॉल्टर ओई हा अर्थशास्त्रज्ञ पुढे होता. जर्मनीत इफो या आर्थिक संशोधन संस्थेने २०२४ मध्ये हाच हिशेब पुन्हा केला. एका वर्षाच्या सगळ्या मुलामुलींना वर्षभर सेवेत घेतलं तर देशाच्या उत्पन्नाचं नुकसान वर्षाला सुमारे ७० अब्ज युरो. फक्त पाच टक्क्यांना घेतलं तरी सुमारे ३ अब्ज. व्हिएतनामच्या त्या सोडतीचा उपयोग करून १९९० मध्ये अर्थशास्त्रज्ञ जोशुआ अँग्रिस्ट यांनी दाखवलं की सैन्यात गेलेल्या गोऱ्या तरुणांची कमाई १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाही बरोबरीच्यांपेक्षा सुमारे पंधरा टक्के कमी होती. युद्ध कधीच संपलं होतं, कर चालूच होता.

विरोधी बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा फिनलंड. तिथे सक्ती कधी थांबलीच नाही. १६५, २५५ किंवा ३४७ दिवसांची सेवा, ठरावीक काळाने उजळणी, युद्धकाळात २,८०,००० चं सैन्य उभं करण्याची तयारी. हे चालतं, नाकारण्यात अर्थ नाही. पण ते चालतं कारण बरॅक, शिक्षक, उजळणीचे वर्ग आणि समाजाची सवय पिढ्यान्‌पिढ्या अखंड आहे. पंधरा वर्षांच्या खंडानंतर तो साचा कायद्याच्या एका ओळीने आयात होत नाही. डेन्मार्कचं उदाहरणही दिलं जातं, तेही उलट्या बाजूनेच बोलतं. तिथे मुलं हाताने क्रमांक उचलतात, कायदा सक्तीचा आहे, मात्र गेली कित्येक वर्षं जवळपास सगळे शिपाई स्वखुशीने आलेले आहेत. स्वखुशीने येतात तर सक्ती कशाला? 'असू दे हाताशी' म्हणून. पुन्हा ती खुंटीवरची किल्ली.

स्वेच्छेची फौज आपोआप भरते असंही नाही. अमेरिकेने १९७३ मध्ये सक्ती सोडली आणि पहिली काही वर्षं वाईट गेली. महागाईपुढे पगार मागे पडले. त्यात १९७६ मध्ये आणलेल्या प्रवेशचाचणीच्या गुणांचं कोष्टकच चुकीचं बसवलेलं होतं, त्यामुळे कमी गुणांचे उमेदवार चार वर्षं मध्यम म्हणून आत येत राहिले. कोष्टक दुरुस्त झालं, १९८० आणि १९८१ मध्ये पगार ११.७ आणि १४.३ टक्क्यांनी वाढले, शिक्षणासाठी पैसे मिळू लागले आणि भरती सुधारली. जर्मनीत आजचं मोठं गळतीचं ठिकाण दारातच आहे: भरती झालेल्यांपैकी साधारण चारातला एक पहिल्या सहा महिन्यांत निघून जातो. कारणं कंटाळवाणी आहेत. घरापासून दूरची नेमणूक, रिकामा वेळ, मोडकी स्वच्छतागृहं, सांगितलं एक आणि काम दिलं दुसरंच. हे चारातले दोघे जरी थांबवता आले... चुकलो, चारात एकच जातो. त्या जाणाऱ्यांतले निम्मे जरी थांबवता आले, तरी हजारो पाकिटं वाचतील. नळ दुरुस्त करायचा सोडून विहीर खणायला पोरं गोळा करण्याचा हा प्रकार आहे.

राहिला सद्‌सद्विवेकाचा प्रश्न. पश्चिम जर्मनीच्या १९४९ च्या राज्यघटनेत कलम ४ मध्ये लिहिलं गेलं की कुणालाही त्याच्या विवेकाविरुद्ध शस्त्र हाती घ्यायला लावता येणार नाही. त्या देशाचं सैन्य स्थापन झालं १९५५ मध्ये, सक्ती आली १९५६ मध्ये. नकाराचा हक्क सैन्याच्या सहा वर्षं आधी जन्मला. तरी हा हक्क वापरायचा तर १९८० च्या दशकापर्यंत समितीपुढे तोंडी परीक्षा द्यावी लागे. ठरलेला प्रश्न असा: मैत्रिणीबरोबर फिरताना तिच्यावर हल्ला झाला, तुझ्या हातात बंदूक आहे, काय करशील? चालवीन म्हटलं तर अहिंसा खोटी, नाही म्हटलं तर माणुसकी खोटी. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाचं मन मोजायला काही वयस्क माणसं टेबलापलीकडे बसत. दक्षिण कोरियात तर अशा मुलांना दर वर्षी शेकड्याने तुरुंगात पाठवत. २०१८ मध्ये घटना न्यायालयाने पर्याय द्या म्हटलं, २०२० मध्ये पर्याय आला: सैन्यात अठरा महिने, पर्यायी सेवेत छत्तीस, आणि तीही तुरुंगात राहून तिथलीच कामं करण्याची.

जर्मनीत आता तोंडी परीक्षा नसते, अर्ज लेखी असतो. तो सैन्याच्याच भरती केंद्राकडे द्यायचा, तिथून तो कोलोनमधल्या कुटुंब आणि नागरी कामकाजाच्या कार्यालयाकडे जातो आणि निर्णय तिथे होतो. कागद तीन लागतात. एक, कलम ४ चा उल्लेख करून सही केलेलं पत्र. दोन, स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं सविस्तर कारण. नेटवरून उचललेला मजकूर अर्ज फेटाळण्याचं निमित्त होऊ शकतो, म्हणून इथे घाई करू नये. विश्वास कसा घडला, कुणामुळे, कोणत्या प्रसंगाने, हे क्रमाने लिहावं. राजकीय मतं किंवा 'मला वेळ नाही' हे विवेकाचं कारण धरलं जात नाही. तीन, तक्त्याच्या रूपात संपूर्ण जीवनपट. जन्म, प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा, एखादा खेळ, सुट्टीतलं एखादं काम. अठरा वर्षांच्या माणसाचा तो तक्ता अर्ध्या पानात संपतो.